गोळा आल्याशिवाय जायचं नाही

आमच्याकडे मास्तर म्हटलं की शाळेतले मास्तर समजू नका. हे स्टेशन मास्तर. डभोईच्या बाजूला पूर्वी ती छोटी गाडी चालायची ना, नॅरोगेज, जिच्यातून माणूस उतरून, आडोशाला जाऊन परत चढू शकायचा, त्या लाईनवरच्या एवढ्याशा स्टेशनात यांनी जन्म काढला. रिटायर होऊन बडोद्याला आले, रावपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहिले आणि साठाव्या वर्षी पळायला लागले. आज आमच्या भागात त्यांचा विषय काढा, लोक एकच गोष्ट सांगतील, की या माणसाच्या हट्टापायी एक जीव गेला. तो जीव म्हणजे माझे यजमान. तेव्हा मास्तरांबद्दल मी बोलले तर ऐकून घ्यावं लागेल सगळ्यांना. पण त्या दिवसापर्यंत पोचायच्या आधी माणूस कसा होता ते सांगते. नाहीतर कळायचं नाही.

पळायचे कसे, तर इस्त्रीचा पांढरा शर्ट पॅंटीत खोचून. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि पाठीमागे कमरेला दोन झेंड्या, लाल आणि हिरवी. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणारी माणसं वळून वळून बघायची. यांना त्याचं काही नाही. वेळ विचारली तर "साडेसहा झाले असतील" असं उत्तर कधी यायचं नाही. "सहा सव्वीस." माझा गवती चहा घालून केलेला चहा प्यायचे, तोही उभ्याने, आणि कप परत देताना म्हणायचे, "चार मिनिटं लेट, वहिनी." मी म्हणायचे, "मग स्टेशनवर जाऊन तक्रार नोंदवा." कधीतरी हसायचे. मिशीतल्या मिशीत, दुसऱ्याला दिसू नये असं.

आमचे हे रिफायनरीतून रिटायर झालेले. साखर होती, पोट होतं, घरी बसून माझ्या फोडणीत चुका काढायचे. मीच मास्तरांच्या मागे लागले, की यांना घ्या तुमच्यात. सात-आठ जणांचं टोळकं होतं, बहुतेक रिटायर झालेले, आणि एक जागृतीबेन. त्या शिवणक्लास चालवायच्या, अंगाने काटकुळ्या, पण पळायला लागल्या की पुरुष मागे. मी काही पळत नव्हते, माझे गुडघे तेव्हाच गेलेले. मी नदीकाठच्या ओट्यावर बसायचे, सगळ्यांच्या किल्ल्या, चष्मे, पाकिटं सांभाळत. मास्तर मला "लगेज ऑफिस" म्हणायचे.

रस्ते सगळे त्यांनी आखलेले. विश्वामित्रीच्या काठाने जायची ती मेन लाईन. बागेच्या मागून सुरू व्हायची, पुलाखालून, मग कोतरांत शिरायची, म्हणजे नदीने खाऊन खाऊन केलेल्या त्या मातीच्या घळ्या, गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला, पायवाट कुठे आहे आणि कुठे नाही ते रोज बदलायचं. पावसाळ्यानंतर मास्तर एकटे आधी आठवडाभर चालून यायचे, प्रत्येक वळणावर चुन्याची फुली मारायचे, मगच बाकीच्यांना परवानगी. पावागडचा रस्ता म्हणजे घाट सेक्शन. महिन्यातून एकदा एसटीने जायचं, चांपानेरच्या कोटापासून जुन्या फरसबंदीने माचीपर्यंत पळत, पुढे पायऱ्या. चढताना बोलायला बंदी, उतरताना पुढच्याला ओलांडायला बंदी. "चढ पायांनी चढायचा, उतार डोक्याने उतरायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डोंगरावर माणूस पडतो तो उतरताना, म्हणायचे, कारण त्याला वाटतं आता झालं.

टोळक्यात नवीन कोणी आला की त्याला आधी पावागडला न्यायचे. का, तर आमची ही बडोद्याची नदी त्या डोंगरातून निघते. "जी कुठून येते ते बघितलं नाही, तिच्या काठाने पळायचं नाही." मला म्हणाले, लगेज ऑफिसलाही हा नियम लागू. मी नको नको म्हणत होते तरी नेलं. साडेतीन तास लागले मला. हे आमचे पुढे निघून गेले, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि मास्तर माझ्या पुढे दोन पायऱ्या, माझ्याकडे तोंड करून, उलटे चढत होते. मी थांबले की थांबायचे. कुठे तरी दगडांमधून पाणी झिरपत होतं, हाताच्या ओंजळीत मावेल एवढं. "हे बघा उगम," म्हणाले. मी दम खात म्हटलं, "एवढीशी? यासाठी माझे गुडघे मोडलेत?" तर म्हणतात कसे, "वहिनी, तुम्हीसुद्धा कधीतरी सहा पौंडांच्या होतात."

त्याच दिवशी पायऱ्यांवर बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. यांना, म्हणजे आमच्या यांनासुद्धा ठाऊक नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते कुठेशा स्टेशनावर हाताखाली शिकत होते. कुठलं स्टेशन ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. एकेरी लाईन. अशा लाईनवर म्हणे ड्रायव्हरला वेताचं एक मोठं कडं देतात, कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. ज्याच्याकडे गोळा त्याची लाईन. गोळा पुढच्या स्टेशनात पोचला की मगच दुसरी गाडी सोडायची. एके सकाळी तिथल्या मोठ्या साहेबाने घाई केली, गोळा आलेला नसताना इंजिन सोडलं. समोरून ट्रॉली येत होती, रूळ तपासणाऱ्या माणसांची. दोघं जागीच गेले. मास्तर तेव्हा बावीस वर्षांचे. "मला फावडं दिलं होतं वहिनी, गोळा करायला," एवढंच म्हणाले आणि उठले. पुढे मी कधी त्यांच्या नियमांची टिंगल केली, तर ते फावडं आठवायचं. तरी करायचेच. जिभेला हाड नाही माझ्या.

मेन लाईनवर एक पट्टा वाईट होता, माझ्या ओट्यापासूनच सुरू होणारा. एका बंद कारखान्याची लांबलचक भिंत एका बाजूला, दुसरीकडे सरळ तुटलेला काठ, वीसेक फूट खाली नदी. मध्ये पायवाट, एक माणूस जाईल एवढीच. किलोमीटरभर अशी जाऊन शेवटी महादेवाची एक देरी, म्हणजे छोटंसं देऊळ, होती, तिथे एक म्हातारा साधू राहायचा. देरीला हात लावायचा आणि परत फिरायचं. खाली वाळूवर हिवाळ्यात मगरी ऊन खात पडलेल्या असायच्या. बडोद्याच्या माणसाला मगरीचं नवल नाही. पुरात त्या आमच्या गल्लीतून फिरून जातात, आम्ही गॅलरीतून बघतो. पण वरून बघणं वेगळं.

त्या पट्ट्यात एकदा जागृतीबेन परत येत होत्या आणि समोरून टोळक्यातले दुसरे एक गृहस्थ जात होते. वळणावर खांद्याला खांदा लागला. जागृतीबेन घसरल्या, निम्म्या उतारावर बावळीच्या मुळाला लटकल्या. खाली मगरीने जबडा उघडला. ऊन खाताना त्या उघडतातच म्हणे, पण लटकलेल्या बाईला ते कोण सांगणार? मास्तर पालथे पडले, ओढणीला धरून वर ओढून घेतलं, स्वतःची कोपरं सोलून. वर आल्यावर जागृतीबेन रडायच्या ऐवजी हसत सुटल्या. "मास्तर, नवी ओढणी फाटली!"

दुसऱ्या दिवशी मास्तर येताना त्यांच्या हातात वेताचं कडं. स्वतः वाकवून, सुतळीने बांधून केलेलं. त्याला जुन्या बुटाच्या चामड्याची पिशवी आणि आत चांदोदच्या नर्मदेतला एक वाटोळा दगड. आजपासून त्या पट्ट्यात एका वेळी एक. ज्याच्या गळ्यात कडं, त्याचा रस्ता. तो देरीला हात लावून परत येईल, कडं मास्तरांच्या हातात देईल, मग दुसरा. "गोळा आल्याशिवाय जायचं नाही. कोणी म्हणजे कोणी नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आदल्या दिवशीचं ताजं होतं ना! पुढे दोन-अडीच वर्षं तो नियम कोणी मोडला नाही. उलट मजा वाटायची. कडं घालून पळायचं म्हणजे मान.

फोन आणायलाही बंदी होती, पळताना हातात फोन असला की लक्ष पायवाटेवर राहत नाही. सगळ्यांचे फोन वर रस्त्याला, स्कूटरच्या डिकीत. यांचा माझ्या पर्समध्ये.

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन आठवडा झाला असेल. झाडांवर अजून पतंग लटकत होते. थंडीने माणसं कमी आली होती, आम्ही चौघंच, मास्तर, जागृतीबेन, हे आणि मी. जागृतीबेन जाऊन आल्या. मग यांचा नंबर. "सात चार," मास्तर म्हणाले आणि कडं यांच्या गळ्यात घातलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "घे, परत चाललो बोहल्यावर."

मी म्हटलं, "जा की. पलीकडे कोण मिळणार, मगर?"

हे आमचं शेवटचं बोलणं. पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचं.

यांना त्या पट्ट्याला वीस मिनिटं लागायची. साडेसात झाले. जागृतीबेन उठल्या. "मास्तर, हुं जरा जोई आवुं? बघून येते फक्त." मास्तरांनी लाल झेंडी आडवी धरली. "गोळा आलेला नाही, बेन." त्या म्हणाल्या, "अरे पण कडं त्यांच्याकडेच आहे ना!" मास्तर म्हणाले, "म्हणूनच." जागृतीबेन चिडल्या. साधूला फोन लावून बघते म्हणाल्या, नंबर त्यांच्याच फोनमध्ये होता, आणि वर रस्त्याकडे गेल्या, डिकीतून फोन आणायला. चढ चढून जायचं, शोधायचं, यायचं, दहा मिनिटांचं काम.

आता जे सांगते ते त्या दहा मिनिटांतलं. तेव्हा तिथे मास्तर आणि मी, दोघंच होतो.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. तीनदा. उत्तर नाही. ते पट्ट्याच्या तोंडाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा बघितला नव्हता, परीक्षेत न येणारा प्रश्न पडलेल्या मुलासारखा. म्हणाले, "वहिनी, जाऊ का मी बघायला?"

मी हसले. हो, हसले. म्हटलं, "बसा हो मास्तर! साधू चहा पाजत असेल, नाहीतर हे त्याला रिफायनरीच्या गोष्टी सांगत असतील. कडं गळ्यात घातलं की यांना कुठली शुद्ध? आणि नियम तुमचा, तुम्हीच मोडणार? मग उद्यापासून मी कोणाची खेचायची?"

त्यांनी एकदा पट्ट्याकडे बघितलं. मग बसले. माझ्या शेजारी, ओट्यावर. मी त्यांना चहा ओतून दिला. त्यांनी घेतला. तोपर्यंत जागृतीबेन आल्या, साधूचा फोन बंद होता.

सात एकावन्नला त्यांनी कप खाली ठेवला आणि कोणाला न विचारता धावत सुटले. झेंड्या तिथेच पडल्या. हे देरीच्या अलीकडेच होते, भिंतीला पाठ लावून बसलेले, पाय काठाकडे. श्वास चालू होता. मास्तर तेव्हा सत्तरीचे, आणि यांचं वजन ब्याऐंशी किलो. पाठीवर घेऊन, त्या एवढ्याशा वाटेने, सगळा पट्टा आले. वर रस्त्यावर ठेवलं तेव्हा मास्तरांच्या नाकातून रक्त येत होतं.

दवाखान्यात दुपारी बारापर्यंत हे होते. मग डॉक्टर बाहेर आले, हार्ट अटॅक म्हणाले. तरुण होते बिचारे. मीच विचारलं, काही करता आलं असतं का. त्यांनी खाली बघून सांगितलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. नक्की असं नाही, पण करता आला असता.

माझी मुलगी तोपर्यंत सुरतेहून पोचली होती. तिने ते ऐकलं. मोठ्याने म्हणाली, "अर्धा तास? मग इतका वेळ कोणी बघायला गेलंच कसं नाही?" सगळे नातेवाईक, शेजारी उभे होते. आणि मी म्हटलं, "मास्तरांनी जाऊ दिलं नाही. गोळा आला नाही म्हणाले."

खोटं होतं का? जागृतीबेनना अडवलंच होतं त्यांनी. जागृतीबेननी लगेच मान हलवली, हो, झेंडी आडवी धरली. मास्तर भिंतीशी उभे होते, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, मिशीत रक्त वाळलेलं. माझी मुलगी त्यांच्यासमोर गेली. "काका, हे खरं आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. म्हणाले, "हो. मीच."

टोळकं त्या दिवशी मोडलं. लोक काय काय बोलले! "कायदा कायदा करत माणूस मारला." दूधवाला, इस्त्रीवाला, मंदिरातल्या बायका, सगळ्यांना गोष्ट तोंडपाठ. पूर्वी त्यांच्यामागे "मास्तर, लाईन क्लिअर?" असं ओरडणारे ओळख दाखवेनासे झाले. माझी मुलगी माहेरी आली की त्यांच्या गल्लीवरून जायची नाही, लांबून वळसा घालून यायची. नदीकडे ते परत कधी गेले नाहीत. सोमवारी पहाटेच्या एसटीने एकटे पावागडला जायचे, चढायचे, उतरायचे, दुपारी परत. रस्त्यात मी दिसले की पलीकडच्या बाजूला व्हायचे. मला ते बरं वाटायचं. किती बरं वाटायचं, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दोन वर्षांनी एकदा लहरीपुऱ्यात एका दुकानात समोरासमोर आलो. ते बुटांच्या नाड्या घेत होते. खूप वाळले होते. शर्ट मात्र इस्त्रीचा. दोघांनाही मागे व्हायला जागा नव्हती, इतकी गर्दी. मी म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत."

"हो."

"मी बसवलं तुम्हाला."

"विचारलं हीच चूक, वहिनी. मास्तर कधी प्रवाशाला विचारतो का, गाडी सोडू की नको?"

मी म्हटलं, "मी सांगते मुलीला. सगळ्यांना सांगते."

त्यांनी नाड्या खिशात ठेवल्या. "कशाला? ती येते-जाते तुमच्याकडे. तुम्हाला तिचा आधार आहे. माझं काय, मी एकटाच आहे." आणि मग, "तुम्ही हसला होतात ते कोणाला सांगू नका. लोक चुकीचा अर्थ काढतील."

एवढं बोलून गर्दीत गेले. मी घरी आले, भाजी चिरली, कुकर लावला. मनाशी म्हटलं, त्यांनीच नको सांगितलं ना, मग झालं. इतक्या सहज पटवून घेतलं मी स्वतःला. त्यांनी नको म्हणावं हेच मला हवं होतं, म्हणून तर गर्दीत विचारलं. त्यांच्या दारात जाऊन नाही विचारलं.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. कावीळ झाली होती, कळायलाच उशीर झाला. जवळ कोणी नव्हतं. परदेशातून मुलगा आला, त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. दहाव्याला दहा माणसंही नव्हती. मी गेले. जागृतीबेन म्हणाल्या, "तुमचं मन मोठं, ताई." मुलगा माझ्याजवळ आला, वाकून नमस्कार केला. बापासारखीच मिशी. गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, "काकी, बाबांनी शेवटच्या दिवसांत फोनवर कधी काही सांगितलं नाही. पण मला सगळं माहीत आहे. त्यांच्यामुळे काका गेले. त्यांच्या वतीने मी माफी मागतो. तुम्ही माफ केलं ना?"

पन्नाशीला आलेला मुलगा, हात जोडून उभा. जागृतीबेन शेजारी. आतून भटजींचा आवाज येत होता. एक वाक्य बोलायचं होतं मला. फक्त एक.

मी म्हटलं, "हो रे बाळा. केव्हाच."

त्याला रडू आलं. त्याने माझे हात धरले.

त्यानंतर हे लिहायला घेतलं. त्याचा पत्ता मी मागून घेतला आहे. तो गुजराती शाळेत शिकलेला, मराठी अडखळत वाचतो, म्हणून जमेल तितकं सोपं लिहिलंय. पत्र पोचायला पंधरा दिवस तरी लागतील. पण त्याच्याआधी माझ्या मुलीला कळायला हवं, आणि तेही माझ्या तोंडून. रविवारी ती येते. जेवणाआधी वाचून दाखवायचं की जेवण झाल्यावर, तेवढं ठरायचं राहिलंय.